किवियॅर्वीची पाटी

"कुठले तुम्ही?" हा प्रश्न मी नोकरीत सव्वीस वर्षं रोज विचारला. मला कुणी उलट विचारलं तर माझं उत्तर तोंडपाठ होतं: मिठबावचे. आडनावच मिठबावकर, त्यामुळे पुढे कुणी खोदून विचारत नसे. खरं सांगायचं तर माझा जन्म परळचा. मिठबाव हे नवऱ्याचं गाव, आणि लग्नाच्या एकतीस वर्षांत तिथल्या माझ्या मुक्कामाचे दिवस मोजले तर दोन महिने भरणार नाहीत. पण फॉर्मवर तेच आणि बोलण्यातही तेच. या उत्तरात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. ते वाटायला फिनलंडमधल्या एका म्हाताऱ्याला दुबईत यावं लागलं.

आमचं वर्कशॉप अल क्वोजमध्ये, गोदामांच्या रांगेत. आम्ही पाट्या करायचो. दारावरच्या, व्हिलाच्या गेटवरच्या, ऑफिसात रिसेप्शनच्या मागे असतात त्या. पितळ, लाकूड, ग्रॅनाइट, ॲक्रिलिक, गिऱ्हाईक म्हणेल ते. व्हिसावर मी सेक्रेटरी होते, मालक अबू सामी मला 'मदाम नेम' म्हणत, आणि प्रत्यक्षात माझं काम होतं नावं मांडण्याचं. गिऱ्हाईक नाव देतं, मी ते खऱ्या मापात कागदावर मांडते: अक्षर केवढं, दोन अक्षरांत जागा किती, इंग्रजी डावीकडे, अरबी उजवीकडे. तो कागद, म्हणजे प्रूफ, भिंतीला चिकटवून गिऱ्हाइकाने लांबून बघायचा आणि खाली सही करायची. मग कागद फ्रान्सिसकडे. फ्रान्सिस वसईचा. अक्षरं मशीन कोरत असलं तरी मशीनला सांगणारा आणि शेवटचा हात फिरवणारा तोच. "कागदावर चुकलं तर रबर आहे मॅडम, पितळेवर चुकलं तर भंगारवाला," असं तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. कोट्टायमच्या एका गृहस्थांना त्यांच्या घराचं नाव पितळेवर हवं होतं. नाव एवढं लांबलचक की एका ओळीत मावेना. मी अक्षरं मोजली, बरोबर मध्यावर तोडली आणि दुसरी ओळ केली. गृहस्थांनी घाईत सही केली. पाटी तयार झाल्यावर मात्र ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, यू हॅव कट माय ग्रँडफादर इन टू." त्या नावात त्यांच्या आजोबांचं नाव होतं आणि माझी कात्री बरोबर त्यावरून गेली होती. पाटी फुकट परत करून दिली. तेव्हापासून मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायला लागले: कुठले तुम्ही, आणि या नावाचा अर्थ काय? कुठे तोडायचं ते कळावं एवढाच हेतू. पण हळूहळू मला त्याची चटकच लागली.

लोक आनंदाने सांगतात. एरवी दुबईत कुणाला कुणाच्या गावाचं सोयरसुतक नसतं. पण पाटी करायला आलेला माणूस गावाबद्दल विचारलं की खुर्ची ओढून बसतो. एक पुणेकर तर पाऊण तास भांडत बसले होते, कारण अरबीत 'प' नाही आणि त्यांच्या पुण्याचा प्रूफवर 'ब' झाला होता. आमच्या अबू सामींनी त्यांना कडक चहा पाजला आणि म्हणाले, "हबीबी, हमारे पास नहीं है तो किधर से लाएगा?" पुणेकरांनी सही केली, पण मनातून माफ केलं नसावं.

फिनलंडचं गिऱ्हाईक मला तोवर कधी मिळालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत लीसा आली. पन्नाशीची, उंच, केस बारीक कापलेले. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका शिपिंग कंपनीत नोकरी, दुबईत वीस वर्षं, राहायला अल बर्शाला, म्हणजे माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तिला लाकडाची पाटी हवी होती, फ्लॅटच्या दारावर लावायला. मी माझे दोन प्रश्न विचारले आणि तिने तिची अडचण सांगितली.

आदल्या वर्षी तिची आई गेली. वडील एरो, वय त्र्याऐंशी, गावाकडे एकटे पडले. त्यात स्मरणशक्ती चाळणीसारखी झालेली. एकुलती एक मुलगी म्हणून लीसा त्यांना इथे घेऊन आली. तब्येत ठणठणीत, जेवणखाण व्यवस्थित. पण रोज सकाळी अकरा वाजले की ते कोट चढवायचे, टोपी घालायचे आणि लेकीला किंवा दिवसा सांभाळायला येणाऱ्या बाईला म्हणायचे, "कॉफीबद्दल आभार. आता घरी निघतो." आपण इथे पाहुणे आहोत अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा तर ते लोकरीच्या कोटात मेट्रो स्टेशनपर्यंत पोचले होते. तिथल्या सिक्युरिटीच्या माणसाने घामाने भिजलेल्या म्हाताऱ्याला बसवून पाणी दिलं म्हणून निभावलं.

"असं चालू राहिलं तर मला त्यांना परत पाठवावं लागेल," लीसा म्हणाली. "तिकडे वृद्धांची सोय चांगली आहे. पण माझ्याशिवाय त्यांना ओळखणारं कुणी नाही, आणि मलाही ते अजून किती दिवस ओळखतील माहीत नाही. ते माझ्याजवळ राहावेत एवढंच मला हवंय."

एका नर्सने तिला सुचवलं होतं की तुमच्या मजल्यावरची सगळी दारं सारखी आहेत, त्यांच्या ओळखीचं काहीतरी दारावर लावा.

"मग काय लिहायचं?" मी विचारलं.

"किवियॅर्वी. ते तिथलेच. घर घर करतात ते म्हणजे तेच."

मी अर्थ विचारला. किवि म्हणजे दगड, यॅर्वी म्हणजे तळं. दगडतळं. तळ्याच्या काठावर गाव वसलं आणि तळ्याचं नाव गावाला पडलं. अशा नावाची तळी तिकडे पैशाला पासरी आहेत म्हणे. मी खूश झाले, कारण जागा अपुरी पडली तर कुठे तोडायचं ते आता स्पष्ट होतं. कागदावर मांडता मांडता सहज विचारलं की तुमच्या भाषेत 'किवियॅर्वीत' कसं म्हणतात.

"किवियॅर्वेल्लॅ," लीसा म्हणाली. "पण त्याचा अर्थ किवियॅर्वीत नाही. किवियॅर्वीवर."

"गावावर?"

"हो. काही गावांत आपण आत असतो, काही गावांवर असतो. हेलसिंकी, तर हेलसिंगिस्सॅ, म्हणजे आत. ताम्पेरे, तर ताम्पेरेल्ला, म्हणजे वर."

"नियम काय?"

"तिथले लोक जसं म्हणतात तसं." ती पहिल्यांदाच हसली. "बाहेरचा माणूस लगेच पकडला जातो. तुम्ही 'किवियॅर्वेस्सॅ' म्हणालात तर लोकांना वाटेल तुम्ही तळ्याच्या आत आहात. माशासारख्या."

मी पेन्सिल खाली ठेवली. परळच्या चाळीत 'तळ्यात मळ्यात' खेळलेल्या बाईला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तळ्यात गेलाय आणि तळ्यावर गेलाय यांत केवढा फरक आहे हे आपल्याकडे कुठलीही आई सांगेल. मग मला सुचतच गेलं. आपण कोकणात राहतो पण घाटावर राहतो, देशावर राहतो. का? कुणी शिकवलं? दुबईतला मराठी माणूस दुबईत राहतो आणि शारजाला राहतो. मी तिला पुण्याचंही सांगितलं. नाव पुणे, पण 'पुणेत' म्हटलं तर चुकलं, पुण्यात म्हणायचं. ती म्हणाली आमचंही तसंच, प्रत्यय लागला की यॅर्वीचं आधी यॅर्वे होतं आणि हेलसिंकीतला क मऊ होऊन त्याचा ग होतो. शाळेत सामान्यरूपाने मला रडवलं होतं. ते इतक्या लांबच्या, थंडीने गोठलेल्या देशात पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. आम्ही दोघी तासभर बोलत बसलो. अबू सामी दोनदा दारातून डोकावून "यल्ला, मदाम" म्हणून गेले.

पाटी देखणी झाली. पाइनचं लाकूड, खोल कोरलेली अक्षरं, त्यात पांढरा रंग. रोमन 'ए'वरची दोन टिंबं फ्रान्सिसने अशी गोल काढली होती की मी त्यांवरून बोट फिरवत राहिले. घर जवळच म्हणून पाटी लावायला मी स्वतः गेले. भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भोक पाडू देत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड टेप. दारावर पाटी दाबून धरली, आणि आतून एरो बाहेर आले.

त्यांनी पाटी वाचली. मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून. चेहरा असा उजळला की लीसाने माझा हात धरला. मग ते आत गेले, कोट घातला, टोपी घातली, कोपऱ्यातली खुर्ची उचलून बाहेर आणली आणि पाटीखाली मांडून बसले. हात गुडघ्यांवर, नजर कॉरिडॉरच्या टोकाला. मग त्यांनी लीसाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

लीसाने माझा हात सोडला. "म्हणतायत, बस किती वाजता आहे."

मी घरी आले ती तोंड पाडून. जेवताना हे सगळं सांगितलं तेव्हा माझी मुलगी जुई, वय सतरा, मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, ऑब्व्हियसली. इट्स लाइक पुटिंग 'दुबई' ऑन अवर डोअर. हू डज दॅट?"

नवऱ्याने तिला गप्प केलं, पण ती बरोबर बोलत होती. गावाच्या नावाची पाटी एसटी स्टँडवर असते, वेशीवर असते. ती वाचून माणूस तिथे बसची वाट बघतो. स्वतःच्या दारावर गावाचं नाव कोण लावेल? आमच्यासारखे लांब आलेले लावतील. व्याकरण अगदी बारकाईने विचारून घेतलं होतं, आत की वर, सगळं. आणि ज्याच्यासाठी पाटी होती तो माणूस आपल्या घराला काय म्हणतो, हे विचारायचं राहूनच गेलं. इतक्या वर्षांच्या अनुभवाला हे शोभणारं नव्हतं. मला फार लाज वाटली.

त्या पाटीने गोष्टी आणखी बिघडवल्या. आधी ते अकराला निघायचे, आता सकाळी आठपासून खुर्चीवर. काढली तर शोधायचे, म्हणून पाटी काढताही येईना. शेजारच्या फ्लॅटमधल्यांनी तक्रार केली. बस येत नाही म्हणून एकदा ते चालत निघाले, तेव्हा नातूराने, म्हणजे इमारतीच्या वॉचमनने, त्यांना गेटवर अडवलं आणि ते त्याच्यावर ओरडले. दहाव्या दिवशी लीसाचा फोन आला. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"मी तिकडच्या संस्थेला मेल केलाय. जूनमध्ये खोली रिकामी होईल म्हणतात. तुमचा काही दोष नाही. तुम्हाला कळवावं असं वाटलं."

दोष नाही म्हणाली त्यामुळे मला जास्तच लागलं.

रविवारी सासूबाईंचा फोन असतो. त्या मिठबावला एकट्याच राहतात, गाव सोडायला तयार नाहीत. त्या दिवशी बोलता बोलता म्हणाल्या की काल कातळावयल्यांकडे पूजेला गेले होते, खालच्या घरचीही सगळी आली होती. हे असं मी तीस वर्षं ऐकत आले होते आणि 'हो का' म्हणत आले होते. त्या दिवशी मात्र मी मध्येच विचारलं, "आई, हे कातळावयले म्हणजे आडनाव काय त्यांचं?"

"आडनाव? मिठबावकरच. हयसर अर्धो गाव मिठबावकर."

"मग आपल्याला काय म्हणतात?"

"पानंदीवयला घर." सासूबाईंना हसू आलं असावं. "तीस वर्सांनी इचारतंस गे? मिठबाव तां तुमका, लांबसून. आमी हयसर रवतंव. आमका गावाचा नाव कित्याक व्हया?"

पाणंदीवरचं घर. दोन्ही बाजूंना कुंपण असलेल्या त्या अरुंद वाटेवरून मी लग्नात नवी साडी सावरत गेले होते. पण घराला नाव आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. गावाबाहेर पडल्यावर 'कर' लागतो, गावात त्याचा काही उपयोग नाही. लोकांच्या नावांचे अर्थ विचारत फिरणाऱ्या बाईचं हे असं. कोट्टायमच्या आजोबांनी मला पहिल्याच वर्षी घराच्या नावाचा धडा दिला होता. मी त्यातून फक्त नाव कुठे तोडायचं तेवढंच शिकले.

मी लगेच लीसाला फोन लावला. "तुमच्या गावात वडिलांना लोक काय म्हणायचे?"

"एरो."

"एरो नावाचे गावात बरेच असतील. मग हाच एरो कसं कळायचं?"

तिने 'हाच एरो' हे शब्द एकदा घोळवले. मग म्हणाली, "मत्तिलान एरो." आणि लगेच पुन्हा, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मत्तिलाचा एरो."

मत्ती नावाच्या कुणा पूर्वजाने ते घर बांधलं. माणसाच्या नावाला 'ला' लावला की त्याचं ठिकाण होतं, आपण वाडी लावतो तसं. लीसाचं आडनाव कागदोपत्री वेगळंच आहे, पण गावात त्या घरात राहणारा प्रत्येक जण मत्तिलाचा. तिचे आजोबा तर त्या घरी जावई म्हणून आले होते, तेही मत्तिलाचे झाले. राहायला गेलं की घराचं नाव लागतं आणि घर सोडलं की सुटतं. आमच्याकडे जाईल तिथलं नाव घेणं फक्त बायकांच्या वाट्याला येतं, असं मी म्हटलं तेव्हा ती हसली, आणि मग रडायला लागली.

"पाटी होती," ती म्हणाली. "पोर्चच्या वर. बाबांनी तरुणपणी स्वतः कोरलेली. घर विकलं तेव्हा तिथेच राहिली. मी विसरले नव्हते. पण इथे कुणी विचारलं की मी किवियॅर्वी सांगते, वीस वर्षं तेच सांगतेय. त्यामुळे घर म्हटलं की तोंडात तेच येतं."

"जूनला अजून वेळ आहे," मी म्हटलं. "ती पाटी कशी होती ते आठवून सांगा. रंग, माप, सगळं."

दुसऱ्या दिवशी तिने कागदावर काढून आणलं. लाल पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, इंग्रजी मोठ्या लिपीत, आणि दोन 'टी'पैकी दुसरा 'टी' थोडा खाली घसरलेला. आई त्यावरून बाबांना जन्मभर चिडवायची आणि बाबा म्हणायचे, सवड मिळाली की सरळ करतो.

फ्रान्सिसने प्रूफ पाहिलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "मॅडम, हा टी खाली आलाय."

"तसाच हवाय."

"तीस वर्षं झाली मॅडम, वाकडं अक्षर माझ्या हातून बाहेर नाय गेलं. कोणी विचारलं कोणी केली पाटी, तर काय सांगू?"

मी त्याला एरोंची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि कागद उचलून आत गेला. संध्याकाळी पाटी आणून दिली तेव्हा कळलं की मशीन त्याने वापरलंच नव्हतं. पटाशीने हाताने कोरली होती. "मशीनचा वाकडा टी पण सरळ दिसतो," एवढंच म्हणाला. लावायला तोही माझ्याबरोबर येणार, हेही त्यानेच ठरवलं.

एरो सकाळच्या फेरीवर खाली गेले होते, तेव्हा आम्ही काम उरकलं. किवियॅर्वीची पाटी काढली, मत्तिलाची लावली. लिफ्ट उघडली. सांभाळणाऱ्या बाईचा हात धरून एरो कॉरिडॉरमधून हळूहळू आले. दाराशी थांबले. या वेळी त्यांनी काही वाचलं नाही. हात वर केला आणि बोट थेट दुसऱ्या 'टी'वर ठेवलं. मग काहीतरी पुटपुटले.

"म्हणतायत, हा अजून सरळ करायचा राहिलाय," लीसाने सांगितलं.

त्यांनी बूट काढून दाराशी नीट जोडीने ठेवले. दार उघडून आत पाऊल टाकलं, आणि मागे वळून आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघं दारात उभे होतो, टेपचे तुकडे हातात. ते लीसाशी जरा रागावूनच बोलले.

"म्हणतायत, पाहुण्यांना बाहेर का उभं केलंस? आत या. कॉफी ठेवतो."

मला रडू आलं. फ्रान्सिस खाली वाकून नसलेला टेपचा तुकडा शोधत बसला. कॉफी फार कडू होती आणि आम्ही दोघंही दोन-दोन कप प्यायलो.

पाटीने माणूस बरा होत नाही, हे मला माहीत आहे. अकरा वाजले की एरो अजूनही कोट घालतात. पण लीसाने जुनी पाटी टाकून दिली नव्हती, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकदमच आलं की ती कुठे असायला हवी. नातूराला विचारलं. त्याने आधी मान हलवली, मग एरोंकडे बघितलं, मग म्हणाला, "खलास मदाम, ठीक है, एक महीना." आता त्या मजल्यावर लिफ्टशेजारी किवियॅर्वीची पाटी आहे आणि तिच्याखाली एक खुर्ची. एरो तिथे येऊन बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करतात, अर्धा तास बसची वाट बघतात आणि बस आली नाही की उठून घरी जातात. लीसाने मला मुद्दाम सांगितलं की खुर्चीवर असताना ते 'किवियॅर्वेल्लॅ' म्हणतात, गावावर, आणि दार लागलं की 'मत्तिलास्सा', घरात. बाकी बरंच निसटलं तरी आत आणि वर यांत त्यांची चूक होत नाही. संस्थेला तिने एप्रिलमध्येच नकार कळवला. जून आला आणि गेला. नातूराचा एक महिनाही अजून संपलेला नाही.

मी निवृत्त झाले तरी तिच्याकडे जाणं सुटलं नाही. या दिवाळीत चकल्यांचा डबा घेऊन गेले. लिफ्टचं दार उघडलं तर एरो खुर्चीवर, लीसा शेजारी उभी. त्यांनी मला ओळखलं नाही. दर वेळी नव्यानेच बघतात. पण गावात कुणी उतरलं की विचारायची पद्धत त्यांच्या अंगात मुरलेली आहे. त्यांनी माझ्याकडे पाहून प्रश्न विचारला.

"विचारतायत, तू कुठल्या घरची?" लीसा म्हणाली.

माझ्या तोंडून सवयीने "मि" बाहेर पडलं होतं. मी थांबले. मग म्हटलं, "पाणंदीवरच्या घरची."

पाणंद म्हणजे काय हे मला लीसाला समजवावं लागलं. दोन्हीकडे कुंपण, मध्ये एका माणसापुरती वाट, पावसाळ्यात तिच्यातून पाणी वाहतं. तिने ते तिच्या भाषेत सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. एरोंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि ते घर माहीत असल्यासारखी मान हलवली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"म्हणतायत, मग वाट एकच आहे. चल बरोबर."

चकल्यांचा डबा माझ्या हातातून घेऊन ते पुढे चालू लागले.